गार्ड बसवावा

लग्नाच्या पंगतीत शेजारचा अनोळखी पाहुणा "आपण काय करता?" असं विचारतो, तेव्हा मी आधी वरणभात कालवून घेतो. उत्तर लांबलचक आहे, आणि ते देण्याच्या नादात माझ्या पानासमोरून मठ्ठा पुढे निघून गेल्याचे प्रसंग बरेच आहेत.

कार्डावर मी 'औद्योगिक सुरक्षा सल्लागार' असं छापून घेतलंय. ते वाचून एका डाळमिलवाल्यानं मला बंदुकीचा परवाना काढून देता का म्हणून विचारलं. दुसऱ्यानं गोदामावर बसवायला दोन दणकट माणसं मागितली. माझी मुलगी मैत्रिणींना सोपं करून सांगते, "बाबा लोकांना 'मरू नका' म्हणतात आणि वर त्याचं बिल लावतात."

बायको तर या विषयावर फार बोलतच नाही. ती फक्त माझ्या डाव्या मनगटाकडे पाहते. एका दिवाळीत प्लास्टिकच्या स्टुलावर चढून आकाशकंदील लावताना मी ते मोडून घेतलं होतं. एक मिलमालक भेटायला आले, प्लॅस्टरसकट माझा फोटो काढून घेऊन गेले आणि मिलमध्ये लावला. खाली लिहिलं, 'उंचावर काम करताना काळजी घ्या.' माझ्या आजवरच्या कामातलं ते सगळ्यात परिणामकारक पोस्टर. तिथले मजूर अजूनही शिडी धरायला दुसऱ्याला बोलावतात आणि म्हणतात, "धर बे, नाही तं वानखडे साहेब होईन."

काम तसं साधं आहे. सरकारी निरीक्षक कारखाना पाहायला येतात, त्रुटी काढतात, नोटीस पाठवतात. नोटिशीची भाषा अशी असते की ती वाचून मालकाला आपण फासावर जाणार की नुसता एक बोर्ड लावायचा आहे, हे कळत नाही. मग तो मला फोन करतो. यवतमाळ जिल्ह्यात म्हणजे बहुतेक कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग, डाळमिल, तेलाची मिल, एखादा बर्फाचा कारखाना. मी जातो, यंत्रं पाहतो, माणसं कशी वावरतात ते पाहतो आणि कायद्याला काय म्हणायचंय ते मालकाला त्याच्या भाषेत सांगतो. हल्ली कायदे एकत्र करून नवी संहिता आली. पाठ केलेले कलमांचे नंबर माझ्या डोक्यातून काढायला मला फार जड गेलं. पण नंबर बदलले तरी माणसाची बोटं तेवढीच राहिली, त्यामुळे धंदा चालू आहे.

कायद्याचा अर्थ लावणं हे दिसतं तितकं कोरडं काम नाही. 'आगीसाठी वाळूच्या बादल्या टांगाव्यात' यात अर्थ लावण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटायचं. एका डाळमिलमध्ये लाल बादल्या ओळीनं टांगलेल्या पाहून मी खूश झालो. जवळ जाऊन पाहिलं तर वाळू कुठे दिसतच नव्हती. वर्षभराचा तंबाखू-सुपारीचा खर्रा तिथेच थुंकला गेला होता. मी मालकांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, ओली हाये ना वाळू. आग तं अजून लवकर विझन." ढाणकीच्या बाजूला एका तेलमिलमध्ये संकटकाळी बाहेर पडायच्या दाराला कुलूप होतं. कारण विचारलं तर, "शेळ्या घुसतात जी." किल्ली कोणाकडे? "शेळ्यावाल्याकडे." हेल्मेटं तर सगळीकडे असतात. कपाटात, प्लास्टिकमध्ये, दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू लागलेली. 

मी हसतो, चिडत नाही. ही माणसं दुष्ट नसतात. ज्या शेठनं दाराला कुलूप लावलं, तोच मजुराच्या पोराच्या तापासाठी स्वतःची गाडी काढतो. फक्त जे अजून घडलं नाही त्याची भीती बाळगायची आपल्याकडे पद्धत नाही.

कधी फोन उशिरा येतो. एकदा मला एका जिनिंगमध्ये बोलावलं ते एका कामगाराचा हात यंत्रात गेल्यावर. तो माणूस आता बसस्टँडच्या बाजूला चहाचा ठेला चालवतो. गाळणी किटलीच्या तोंडावर टेकवून उरलेल्या हातानं पातेलं तिरपं करतो. मी तिकडून जाताना थांबतो. तो माझी तब्येत विचारतो, मी त्याची. कायद्याबद्दल आम्ही बोलत नाही.

पण सांगायचंय ते सुमनमावशीचं. ही गोष्ट जुन्या कायद्याच्या दिवसांतली, काही हंगामांपूर्वीची.

राळेगावच्या वाटेवर एक जिनिंग आहे. आधीच्या मालकानं ती मनोहरशेठना चालवायला दिली. मनोहरशेठचा जन्म कापडाच्या दुकानात गेलेला. कापूस कापड होऊन आला की त्यांना त्याचं सगळं कळायचं. त्याआधीचं काही नाही. म्हणून त्यांनी आपला साळा गोपाल मॅनेजर केला. गोपालला दोन्हीतलं कळत नव्हतं, पण तो मोठ्यानं बोलायचा, आणि जिनिंगमध्ये यंत्रांचा आवाजच इतका असतो की मोठ्यानं बोलणारा माणूस कामाचा वाटतो.

शेठचा फोन आला. "साहेब, नोटीस आलती. आपण पूर्तताबी करून टाकली. तुम्ही फक्त उत्तर लिहून द्या."

मी थक्क झालो. मला न विचारता पूर्तता करणारा मालक मला त्याआधी भेटला नव्हता. कौतुकानं स्कूटर काढली आणि गेलो. शेठनं नोटीस पुढे केली. त्यात लिहिलं होतं: 'यंत्रांचे पट्टे व पुली उघड्या आढळल्या. यंत्रांवर तातडीने गार्ड बसवावा.'

"मग? बसवला?"

"बसवला ना! चला, दाखवतो."

आत गेलो. कापसाचे तंतू हवेत उडत होते, यंत्रांची ओळ धडधडत होती, पट्टे जसेच्या तसे उघडे फिरत होते. आणि ओळीच्या मधोमध लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर एक पन्नाशीची बाई बसली होती. साडीवर खाकी शर्ट, पदर शर्टाच्या आत नीट खोचून वरपर्यंत बटणं लावलेली, गळ्यात शिट्टी. आम्हाला पाहून ती उभी राहिली आणि तिनं मला सलाम ठोकला.

"हा आपला गार्ड," मनोहरशेठ म्हणाले. "बसवावा म्हणलं होतं, म्हणून खुर्ची देऊन बसवला."

मला हसू आलं ते मी खोकल्यात घालवलं. तंतूंमुळे जिनिंगमध्ये खोकला कोणाला खोटा वाटत नाही. मी शेठना बाजूला घेऊन समजावलं, की यंत्राचा गार्ड म्हणजे जाळी. लोखंडी चौकट, त्यावर जाळी, पट्टा आणि पुली झाकणारी. चौकीदार नव्हे.

मनोहरशेठनं नोटीस पुन्हा वाचली. "मंग जाळी म्हणाव ना बाप्पा! आमच्या दुकानात गार्ड म्हणजे शटरपाशी बसते तो."

गोपाल मात्र तयार होता. "काही टेन्शन नाही भाऊजी. जाळी ठोकून घेऊ अन् बाईले घरी पाठवू."

हे त्यानं नेहमीसारखं मोठ्यानं म्हटलं. बाईनं ऐकलं. ती माझ्याकडे आली.

सुमनबाई मेश्राम तिचं नाव. सगळे मावशी म्हणायचे. याच जिनिंगमध्ये तिनं वर्षानुवर्षं यंत्रात कापूस टाकला होता. मग कापूस आपोआप पडणारी व्यवस्था आली आणि बायकांचं ते काम गेलं. शेतात वेचणीला जायचं तर गुडघे वाकत नव्हते. मुलगा-सून कामासाठी पुण्याकडे, ते तिलाही बोलवत होते, पण तिला गाव आणि आपलं घर सोडायचं नव्हतं. ही खुर्ची गेली की तिला बिछाना बांधून निघावं लागणार होतं.

"साहेब," ती म्हणाली, "गार्ड म्हणजे जाळी, हे मले ठाव होतं जी. पहिल्या मालकाच्या येळी एका मशीनले होती."

"मग सांगायचं ना शेठला!"

"कायले सांगू? खुर्ची आली. हिच्यात बसन कोण, म्हणे. मी बसली." मग तिनं विचारलं, "कायद्यात माणसाचा गार्ड नाहीच का?"

मी म्हणालो, नाही मावशी. दुसरं काय म्हणणार?

जाळ्या तयार होऊन येईपर्यंत तिनं राहावं, असं ठरलं. मी घरी येऊन जेवताना हा किस्सा रंगवून सांगितला. खुर्ची, शिट्टी, सलाम. मुलगी हसून हसून लोळली. बायको हसली नाही. तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "म्हणजे कायदा वाचून तुम्ही एका बाईचं काम घालवलं. आता दुसऱ्यांदा वाचा."

"अगं, कायदा कितीही वेळा वाचला तरी..."

"नवरीच्या बापानं पत्रिका वाचल्यासारखं वाचा. जुळवायचंच आहे म्हणून."

माझ्या धंद्याची इतकी नेमकी व्याख्या मला आजवर कोणी सांगितलेली नाही. मी वाचायला बसलो. अक्षरं तीच होती. यंत्राचे धोकादायक भाग झाकावेत, हे मला पाठ होतं. पण त्याच वाक्याला एक शेपूट होतं, ज्यावरून मी नेहमी घाईनं पुढे जायचो. त्याचा भावार्थ असा, की यंत्र चालू असेपर्यंत ते झाकण सतत जागेवर राहिलं पाहिजे. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

जाळ्या बसल्याचं कळलं तसा मी पुन्हा गेलो. फॅब्रिकेशनवाल्यानं काम चांगलं केलं होतं. यंत्रांना जाळ्या होत्या, म्हणजे निम्म्या यंत्रांना. बाकीच्या निम्म्या जाळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि त्यांना जेवणाचे डबे टांगले होते. हे मला नवीन नव्हतं. जाळी बसवणं सोपं असतं. ती जागेवर ठेवणं, तिथे भले भले हरतात. पट्टा ढिला पडून घसरायला लागला की पुलीला नीट धरावा म्हणून त्यावर राळेची भुकटी टाकतात. यंत्र बंद करून टाकायची तर वेळ जातो, म्हणून चालत्या पट्ट्यावर टाकतात. जाळी मध्ये येते, म्हणून काढून ठेवतात. एकदा काढलेली जाळी पुन्हा कोण लावतो?

सुमनमावशीची खुर्ची तिथे नव्हती. ती ऑफिसात गोपालपुढे उभी होती. खाकी शर्ट घडी करून टेबलावर ठेवलेला. पदर अजून कमरेला खोचलेला. शिट्टी तेवढी गळ्यात होती. गोपाल हात पुढे करून होता, "दे ना ते. जिनिंगची हाये."

ऑफिसच्या खिडकीतून यंत्रांची ओळ दिसते. शंकर नावाचा कामगार, चांगला तिशीचा गडी, एका यंत्राची जाळी काढत होता. मुठीत राळ, गळ्यात दुपट्टा, दुपट्ट्याची दोन्ही टोकं मोकळी. तो पट्ट्यावर वाकला.

मी 'अरे' म्हणेपर्यंत शिट्टी वाजली. त्या शिट्टीची मी कशाशी तुलना करू? घरात प्रेशर कुकरजवळ उभं असताना तो अचानक वाजतो तशी. मावशी ऑफिसातून निघून दाराजवळचं, सगळी यंत्रं थांबवायचं लाल बटण दाबून मोकळी झाली होती. गुडघे दुखणाऱ्या बाईला मी तसं चालताना पुन्हा पाहिलं नाही. यंत्रांची ओळ घरघरत थांबली.

"दुपट्टा काढ आधी," ती म्हणाली.

"ओ मावशी!" शंकर वैतागला. "आता तुमची ड्युटी तं संपली ना? घरी जा, नातू खेळवा."

"नातू पुण्यात हाये. इथं तूच हायस. काढ."

त्यानं काढला. तिनं थांबलेल्या पट्ट्यावर राळ घालायला लावली आणि जाळी परत लावून घेतल्याशिवाय बटण सोडलं नाही. तोवर गोपाल बाहेर येऊन ओरडत होता, "मशीन बंद काहून केली? कोणाले विचारून केली?" थांबलेल्या जिनिंगमध्ये त्याचा आवाज फारच मोठा वाटला. त्यालाही तो वाटला असावा, कारण तो मध्येच थांबला.

काहीही घडलं नाही, हे इथे सांगायला हवं. दुपट्टा अडकला नाही, रक्त सांडलं नाही. माझ्या धंद्यात यश म्हणजे हेच असतं, काही न घडणं. ते कोणाला दाखवता येत नाही, आणि म्हणून त्याचं मोलही कोणी करत नाही. त्या दिवशी मनोहरशेठ ऑफिसच्या खिडकीतून ते पाहत होते एवढंच.

मी त्यांना बसवलं आणि वाक्याचं शेपूट सांगितलं. "शेठ, नुसती जाळी लावून कायदा पुरा होत नाही. यंत्र चालू आहे तोवर ती जागेवर राहिली पाहिजे. आत्ता निरीक्षक आले असते तर भिंतीला टेकलेल्या जाळ्यांचं काय सांगणार होता?"

"म्हणजे... जाळीले राखायले माणूस?"

"हो."

"गार्डले गार्ड?"

"तसंच म्हणा."

ते माझ्याकडे बारकाईनं पाहू लागले. कापड पाहताना पाहत असतील तसं, उलटसुलट. "साहेब, खरं सांगा. हे कायद्यात हाये, का तुम्ही बाईसाठी सांगून राह्यले?"

मी खोटं बोललो असतो तर त्यांना कळलं नसतं. पण माझ्याकडे विकायला दुसरं काहीच नाही. "जाळी राखावी, हे कायद्यात आहे," मी म्हणालो. "कोणी राखावी, हे तुमच्यावर सोडलंय. बाईसाठी मी शोधलं, हे खरं. पण शोधलं ते तिथे होतं."

गोपालनं शेवटचा मुद्दा काढला. "पन भाऊजी, चालत्या मशीनपाशी बाईमाणूस चालत नाही म्हणते ना कायदा?"

हा मुद्दा त्याला माहीत होता याचं मला खरंच कौतुक वाटलं. "बाईनं चालत्या यंत्राला तेल घालू नये, ते पुसू नये, असं म्हणतो," मी म्हणालो. "बाईनं यंत्र थांबवू नये, असं कुठेच लिहिलेलं नाही."

मनोहरशेठनं नोटीस माझ्याकडे सरकवली. मी नोटिशीचं उत्तर लिहून दिलं आणि परतलो. शेठनं मावशीला हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. शर्ट टेबलावरच होता. मला त्यांची अडचण दिसत होती. एका बाईची रोजी त्यांना जड नव्हती. पण ती मनाला येईल तेव्हा अख्खी ओळ थांबवणार, आणि थांबलेली जिनिंग म्हणजे दारात उभ्या कापसाच्या गाड्या आणि शिव्या. 

निरीक्षक फेरतपासणीला आले तेव्हा शेठनं मलाही बोलावून घेतलं. निरीक्षक तरुण होते, नव्यानंच जिल्ह्यात आलेले, चांगले कष्टाळू. सगळ्या जाळ्या जागेवर होत्या. मावशीही होती, तेवढ्या दिवसापुरती पुन्हा खाकी शर्टात, भिंतीलगत उभी. पण गोपालनं तिला आधीच बजावून ठेवलं होतं: साहेब असताना बटणाले हात लावायचा नाही, मशीन चालली पायजे. तिचं पुढे काय, ते साहेब गेल्यावर पाहू.

निरीक्षकांनी एकेक जाळी हलवून पाहिली. ओळीच्या टोकाला सरकी वाहून नेणारा लांब स्क्रू फिरत असतो. त्यावरचं झाकण नीट बसलंय का, ते पाहायला ते खाली वाकले. गळ्यातल्या पट्टीला अडकवलेलं त्यांचं ओळखपत्र पुढे झुललं.

शिट्टी वाजली. ओळ थांबली.

निरीक्षक तसेच वाकलेले राहिले. गोपालनं डोळे मिटले. कामगार जिथल्या तिथे उभे. निरीक्षक सावकाश सरळ झाले, त्यांनी बटणावर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं आणि विचारलं, "यंत्र कोणाच्या परवानगीनं थांबवलं?"

मावशी शेठकडे पाहत होती. आम्ही सगळेच शेठकडे पाहत होतो. बाहेर गाडीवाल्यांची ओरड ऐकू येत होती.

मनोहरशेठनं खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि निरीक्षकांच्या गळ्यातल्या पट्टीकडे पाहिलं.

"तिले परवानगी लागत नाही साहेब," ते म्हणाले. "मलेबी विचारत नाही ते."

निरीक्षकांनी मान डोलावली आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. गोपाल अधीर होऊन म्हणाला, "मावशी, कर ना आता चालू!"

मावशीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"साहेब," ती निरीक्षकांना म्हणाली, "ते गळ्यातलं खिशात घाला. मंग करते."